ओम्नीचा क्लच घरीच बदलला, सात महिन्यांनंतर: प्लेट एक नंबर, बेरिंगनं वाट लावली

परवा एका गॅरेजवाल्यानं सीटसुद्धा न उचलता नुसता आवाज ऐकून सांगितलं, "क्लच सेट गेलाय, गिअरबॉक्स उतरवायला लागंल, साडेसहा हजार धरून चला." आता तोच सेट मी स्वतः दारात आडवा पडून घातलाय, सात महिने झाले, गाडी ६,२०० किलोमीटर पळालीय. माझं डोकंच सटकलं. तिथंच वाजलं आमचं.

मूळ भानगड अशी की पाहुण्यांना घेऊन पन्हाळ्याला चाललेलो, वाघबीळ सोडल्यावर चढाला इंजिन नुसतं बोंबलतंय, गाडी हलेना, आणि आत जळका वास. क्लच प्लेट संपली हे कळायला मिस्त्री लागत नाही. पण मजुरी २,४०० ऐकली आणि म्हटलं आपणच करू. ओम्नीत इंजिन सीटखाली लांबीत बसवलंय, जोर मागच्या चाकांना, त्यामुळं पुढच्या चाकांचे अ‍ॅक्सल उपसायची कटकट नाही. आधी बॅटरीची निगेटिव्ह, मग प्रॉप शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडं जोर नेणारा दांडा), स्टार्टर, केबली, रिव्हर्स लाइटची वायर, इंजिनच्या बुडाला ठोकळा, आणि गिअरबॉक्स मागं सरकवत जॅकवर खाली. प्रॉप शाफ्ट ओढला की मागच्या तोंडातनं गिअर ऑइल सांडतं हे फरशी काळी झाल्यावर कळलं, मग गोकुळच्या दुधाची पिशवी रबरानं बांधली. गाडीखाली शिरताना एकट्या जॅकवर विसंबू नका, आम्ही ठोकळे लावलेले, वर स्टेपनीपण आत सरकवलेली.

सगळे ज्याला घाबरतात ते काम म्हणजे प्लेट मधोमध बसवणं. प्लेटीचं भोक आणि क्रँकचं, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याचं भोक एका रेषेत नसलं तर गिअरबॉक्सचा शाफ्ट आत जातच नाही, दोघं ढकलून ढकलून रडकुंडीला येता. त्यासाठी वेगळा टूल मिळतो. मी आईचं लाटणं घेतलं. एका बाजूला निमुळतं होतंच, त्यावर इन्सुलेशन टेप गुंडाळत गेलो, दोन्ही भोकांत घट्ट बसेपर्यंत. मग प्रेशर प्लेटीचे, म्हणजे क्लच प्लेटीला इंजिनच्या चाकावर दाबून धरणाऱ्या झाकणाचे, सहा बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळले, मित्रानं फ्लायव्हीलच्या (तेच इंजिनचं चाक) दातात स्क्रू ड्रायव्हर अडकवून धरलेला. लाटणं काढलं, गिअरबॉक्स दुसऱ्या झटक्यात आत! आईला नवीन लाटणं ६० रुपयांचं आणून दिलं, ते पण खर्चात धरलंय. हां, प्लेटीची स्प्रिंगवाली फुगीर बाजू गिअरबॉक्सकडं येते, मी उलटी लावत होतो, मित्रानं बघितलं म्हणून वाचलो.

पहिले पाच महिने नाद खुळा. पेडल मऊ, पन्हाळा तिसऱ्यात, जोतिबाला चार माणसं भरून गेलो, वास नाही काही नाही.

मग दसरा चौकात सिग्नलला क्लच दाबून उभं राहिलं की कुर्रर्र. पाय काढला की बंद. परत दाबलं की कुर्रर्र. महिनाभर मी अल्टरनेटरच्या पट्ट्याला शिव्या देत होतो, पट्टा बदलला पण, ते पैसे फुकट. आता ह्या आवाजाशिवाय मला गाडीत दुसरं काही ऐकूच येत नाही, बायको म्हणते गाणी लाव, मी गाणी बंद करून आवाज ऐकतो.

खरं सांगायचं तर गॅरेजवाल्याशी भांडून आलो आणि रात्री पलंगावर पडल्या पडल्या आठवलं. क्लच बेरिंग, म्हणजे पेडल दाबलं की प्रेशर प्लेटीला ढकलतं ते, मी नवीन घेतलंच नव्हतं! दुकानदार म्हणालेला ३५० चं आहे, घालून टाका. मी जुनं हातात फिरवून बघितलं, छान गुळगुळीत फिरत होतं, आणि वर शहाणपणा म्हणजे रॉकेलमध्ये बुडवून ब्रशनं चकाचक धुतलं. ते बेरिंग सीलबंद असतं, आतलं ग्रीस कंपनीनं जन्मभरासाठी भरलेलं, रॉकेल आत शिरलं की ग्रीस पातळ होऊन निघून जातं आणि परत भरता येत नाही. म्हणजे चांगलं चाललेलं बेरिंग मी स्वतः धुऊन मारलं. पेडल दाबल्यावरच प्रेशर प्लेटीचा भार त्याच्यावर येतो म्हणून आवाज तेव्हाच.

तर गॅरेजवाला निम्मा बरोबर, गिअरबॉक्स उतरवायलाच लागणार. पण प्लेट, प्रेशर प्लेट ठणठणीत आहेत, नुसतं बेरिंग असताना अख्खा सेट गळ्यात मारत होता, त्यामुळं भांडलो त्याचं वाईट वाटत नाही. ३५० वाचवले आणि एक अख्खा रविवार परत आडवं पडायचंय, ह्याचं मात्र वाटतंय.

उद्यमनगरातनं नवीन बेरिंग आणलंय, आता ३८० झालंय. टेप गुंडाळलेलं लाटणं डिकीत आहेच, पण ह्यावेळी प्लेट हलवायची नाही त्यामुळं लागणार नाही. मित्राला विचारलं येतोस का. गेल्या वेळी मिसळीवर आलेला, आता म्हणतोय मटणाचं ताट, तांबडा-पांढरा दोन्ही, आणि त्याच्या भावाला पण घेऊन येणार. हिशोब घालतोय अजून.