फोटोरेक: फाइली परत देतो, नावं गिळून बसतो

फोटोरेक म्हणजे डिस्कवरून उडालेल्या फाइली परत काढणारा प्रोग्राम, त्याहून जास्त ओळख सांगत बसत नाही. हे शोधत आलात म्हणजे तुमचं काहीतरी उडालंय आणि तुम्हाला घाई आहे. तेव्हा आधी एवढंच करा: ती डिस्क वापरणं ताबडतोब थांबवा, लाइव्ह पेनड्राइव्हवरून (ज्यातूनच लिनक्स चालतं असा पेनड्राइव्ह) मशीन चालू करा आणि सापडलेल्या फाइली दुसऱ्याच डिस्कवर उतरवा. त्याच डिस्कवर उतरवल्यात तर जे शोधताय त्याच्याच उरावर लिहिलं जाईल. बाकीचं सावकाश वाचा.

आमच्या जुन्या लॅपटॉपवर भाच्याने ‘जागा करून देतो’ म्हणत फोटोंचं अख्खं फोल्डर शिफ्ट-डिलीटने उडवलं. नुसतं डिलीट केलं असतं तर सगळं ट्रॅशमध्ये नावानिशी पडून राहिलं असतं. शिफ्ट दाबला की ट्रॅश नाही. टर्मिनलमधल्या ‘आरएम’ या फाइल उडवायच्या कमांडचंही तेच. डिस्क फिरती (एसएसडी नव्हे), फाइल सिस्टिम एक्स्ट४, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायची लिनक्सची पद्धत. फिरती होती म्हणून वाचलो, ते खाली येतंच.

सुरुवातीला एका पैसेवाल्या सॉफ्टवेअरची चाचणी आवृत्ती लावली. स्कॅन फुकट, फोटो छोटे करून दाखवणंही फुकट, आणि ‘सेव्ह’ दाबलं की वर्षाचं सदस्यत्व घ्या म्हणे. एका दिवसाच्या कामाला वर्षाचे पैसे! तिथेच खिडकी बंद केली आणि फोटोरेककडे वळलो. क्रिस्तोफ ग्रेनिये यांनी लिहिलेला, मुक्त, फुकट. त्यांचंच टेस्टडिस्क हे डिस्क-दुरुस्तीचं सॉफ्टवेअर बसवलं की सोबत येतो.

काळा पडदा आणि बाणांच्या कळा, पण अवघड काही नाही. ‘फाइल ऑप्ट’मध्ये जाऊन आधी सगळे प्रकार बंद करा आणि हवे तेवढेच चालू करा. टीएक्सटी चालू राहिलं तर ब्राउझरचा आणि लॉगचा एवढा कचरा येतो की त्यात फोटो बुडतात. पुढे ‘फ्री’ निवडा. ‘होल’ घेतलंत तर न उडालेल्या फाइलींच्याही प्रती निघतात. लॅपटॉप रात्रभर चालू ठेवला. सकाळी फोटो आले होते, जवळजवळ सगळे.

आणि नावं? ‘एफ३८१५४२४.जेपीजी’. पुढचा ‘एफ३८२११३६.जेपीजी’. असे पाचशे-पाचशेचे गठ्ठे, ‘रिकप_डिर.१’, ‘रिकप_डिर.२’ अशा फोल्डरांत. मी वर्षानुवर्षं फोल्डरांना साल, महिना, प्रसंग अशी नावं देत आलो. ती सगळी पाण्यात. खरं सांगतो, त्या क्षणी फोटो मिळाल्याचा आनंद कमी आणि नावांचा संताप जास्त होता. एवढं खणून काढता येतं, मग नाव का नाही?

कारण कळल्यावर राग थोडा उतरला. नाव असतं फोल्डरच्या नोंदीत, मजकूर डिस्कच्या कुठल्या ब्लॉकांत, म्हणजे तुकड्यांत आहे हे असतं आयनोड नावाच्या वेगळ्या नोंदीत. फाइल उडवली की एक्स्ट४ आयनोडमधला तो ब्लॉकांचा पत्ताच पुसून टाकतं. म्हणजे नाव कुठेतरी शिल्लक असलं तरी ते कोणत्या मजकुराचं, हे सांगणारा दुवा तुटलेला. एक्स्टअनडिलीट नावाचं दुसरं सॉफ्टवेअर जर्नलमधून (फाइल सिस्टिमच्या बदलांच्या नोंदवहीतून) तो दुवा जोडायला बघतं, पण त्याची ०.२.४ ही आवृत्ती २०१३ ची, आणि जर्नलवर तोवर नवं काही लिहिलं गेलं असेल तर तेही हात वर करतं. माझ्याकडे केलेच. फोटोरेक या भानगडीत पडतच नाही. तो सरळ ब्लॉक वाचतो आणि जेपीजीची सुरुवात कशी असते, पीडीएफची कशी, हे ओळखून फाइल उचलतो. म्हणून फाइल सिस्टिमचा पार चुराडा झालेल्या डिस्कवरही तो चालतो.

तरी नावांचं दुखणं राहिलंच. कॅमेऱ्याचे फोटो एक्झिफटूलने (फोटोच्या आत नोंदलेली तारीख वाचणारा प्रोग्राम) तारखेप्रमाणे लावले, पण मेसेजवरून आलेल्या आणि स्कॅन केलेल्या फोटोंत तारीखच नव्हती. ते तसेच धूळ खात पडले.

मग काही आठवड्यांनी कळलं की ‘एफ’नंतरचा आकडा उगाच दिलेला नाही. तो फाइल सुरू होते त्या सेक्टरचा, म्हणजे डिस्कवरच्या छोट्या कप्प्याचा क्रमांक आहे! एक्स्ट४ एका फोल्डरच्या फाइली शक्यतो जवळजवळ ठेवतं, म्हणून सगळे गठ्ठे एकत्र करून आकड्यांनी लावले, तर जुनी फोल्डरं आपोआप दिसायला लागली. तारीख नसलेले आजीचे कृष्णधवल फोटो सलग आले, आणि त्यांना लागूनच तिच्या पत्रांच्या पीडीएफ. मी एकाच फोल्डरात ठेवल्या होत्या. ज्या नावाला मी शिव्या घातल्या त्यातच पत्ता होता. मात्र प्रोग्रामने हे स्वतःहून सांगायला काय हरकत होती?

एसएसडीवाल्यांनी फार आशा ठेवू नये. बऱ्याच लिनक्समध्ये आठवड्यातून एकदा ‘एफएसट्रिम’ चालतं, ते मोकळे झालेले ब्लॉक एसएसडीला कळवतं. त्यानंतर मोकळे ब्लॉक वाचले तर बहुधा नुसती शून्यं मिळतात. घरातल्या दुसऱ्या मशीनवर तसंच झालं, फोटोरेकच्या हाती भोपळा. पेनड्राइव्हवर मात्र सहसा फॅट किंवा एक्सफॅट फाइल सिस्टिम असते, तिथे आधी टेस्टडिस्कचं अनडिलीट वापरा, नावासकट फाइल मिळू शकते. आणि उडालेली फाइल एखाद्या चालू प्रोग्रामने अजून उघडी धरली असेल, तर मशीन बंद करायच्या आधी ‘एलएसऑफ’ या कमांडने तो प्रोग्राम शोधा, ‘प्रोक’ या लिनक्सच्या फोल्डरातल्या त्याच्या ‘एफडी’ फोल्डरातून ती सरळ कॉपी होते. यात फोटोरेकची गरजच नाही.

व्हिडिओंत फोटोरेक कमी पडला. मोठी फाइल डिस्कवर तुकड्यांत विखुरलेली असते आणि हा बहुतेक सलग वाचत जातो, त्यामुळे काही क्लिप अर्ध्यात थिजतात. तेवढ्यापुरतं ते सदस्यत्व घ्यावं का, असं मनात आलं होतं. चाचणी आवृत्ती परत लावून त्यातली एक क्लिप उघडून पाहिली. तीही तिथेच थिजली. पैसे वाचले.