पॅरासिटामॉल की आयबुप्रोफेन?

ताप, अंगदुखी दोन्हींनी कमी होते, म्हणून रुग्णाला या गोळ्या सारख्याच वाटतात. पॅरासिटामॉल मुख्यतः मेंदूच्या पातळीवर काम करते. सूज फारशी उतरवत नाही. आयबुप्रोफेन शरीरभर प्रोस्टाग्लँडिन (दुखणं, सूज वाढवणारं शरीरातलंच रसायन) तयार होणं रोखते, त्यामुळे मुरगळलेल्या घोट्याला तीच बरी. पण जठराचं अस्तर सांभाळतं तेही प्रोस्टाग्लँडिनच. म्हणून रुग्णाला आयबुप्रोफेन जेवणानंतर घ्यायला सांगा. अल्सर, मूत्रपिंडाचा आजार, गरोदरपण आधी विचारा.

पॅरासिटामॉलचा धोका यकृताला. निरोगी प्रौढाला २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर नाही, दोन डोसांत किमान ४ तास. खरी गोची वेगळीच: क्रोसिन, डोलो दोन्ही पॅरासिटामॉलच, सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतही तेच, आणि घरात कुणाला पत्ता नसतो. कॉम्बिफ्लॅममध्ये तर दोन्ही औषधं! तेव्हा नुसतं विचारू नका, पाकिटं बघायला मागा.

पावसाळी तापात माझा कौल सरळ पॅरासिटामॉलला. डेंग्यू निघाला तर आयबुप्रोफेनने रक्तस्रावाचा धोका वाढतो.

आणि "समजलं का?" असं विचारू नका, मान सगळेच डोलावतात. "मावशी, आता गोळी कधी आणि किती घ्याल, तुम्हीच सांगा बरं," असं म्हणा.