मसाई मारा की क्रुगर? प्राणी आणि पक्षी दोन्ही बघायचे असतील तर

आफ्रिकेची पहिली सफारी ठरवताना बहुतेकांचं गाडं दोन नावांवर अडतं, केनियाचं मसाई मारा आणि साउथ आफ्रिकेचं क्रुगर. माझं मत आधीच सांगते, घरच्यांना सिंह, चित्ते दाखवायचे असतील तर मारा, आणि पक्ष्यांसाठी जीव टाकत असाल तर क्रुगर.

मारा म्हणजे साधारण 1500 चौ. किमी., बराचसा मोकळा गवताळ माळ, नजरेला आड काही येत नाही त्यामुळे मोठे प्राणी दिसायचे चान्सेस खूपच चांगले. जुलै ते ऑक्टोबर वाइल्डबीस्ट आणि झेब्र्यांचे कळप नदी ओलांडतात, ते बघायला जगभरातून लोक येतात, पण खर्चही तेव्हाच. जुलै ते डिसेंबर परदेशी माणसाला दिवसाची नुसती एंट्री 200 डॉलर, जानेवारी ते जून 100. पक्षी कमी नाहीत हां, साडेचारशेच्या वर जाती आहेत, सेक्रेटरी बर्ड आहे, सोनेरी तुऱ्याचा क्राउन्ड क्रेन आहे, पण शेअर जीप घेतली की रेडिओवर बिबट्याची खबर आली रे आली सगळे तिकडे, मग तुमच्या लार्कसाठी, म्हणजे चंडोलासाठी, कोण थांबणार? जायचंच तर स्वतंत्र जीप आणि पक्षी ओळखणारा गाइड आधीच मागून घ्या, आणि जमलं तर नैवाशा नाहीतर नाकुरू तलाव जोडा.

क्रुगरमध्ये स्टिअरिंग तुमच्या हातात, खरा फरक इथेच पडतो. जवळपास 19,500 चौ. किमी. जंगल, 500 हून जास्त जाती, मुख्य रस्ते डांबरी, साधी कारही चालते. वेगाची मर्यादा डांबरीवर 50, कच्च्या रस्त्यावर 40, आणि एका वेड्या राघूसाठी अर्धा तास थांबलात तरी कोणी हटकत नाही. फक्त ठरवून दिलेल्या जागा सोडून गाडीतून उतरायचं नाही. लोअर साबी कॅम्पजवळचा सनसेट डॅम आणि स्कुकुझा कॅम्पजवळचं लेक पॅनिकचं हाइड (लपून पक्षी बघायची जागा), या दोन ठिकाणी वेळ काढाच, पाणपक्षी आरामात बघता येतात. कॅम्पच्या कुंपणाच्या आत तर पायी फिरूनही छान बर्डिंग होतं आणि बऱ्याच कॉटेजेसना किचन असतं, त्यामुळे शाकाहारी मंडळींची खिचडीची सोय होते.

क्रुगरच्या सीझनचं मात्र नीट बघा. मे ते सप्टेंबर कोरडा काळ, गवत बसतं, प्राणी पाणवठ्यावर येतात. नोव्हेंबर ते मार्च हिरवंगार, प्राणी शोधावे लागतात पण स्थलांतरित पक्षी तेव्हाच, आपल्याकडे लोणावळ्याच्या बाजूला थांबणारा अमूर ससाणासुद्धा समुद्र ओलांडून आफ्रिकेच्या दक्षिणेकडेच जातो. मी पक्ष्यांसाठी हाच काळ निवडेन.

मुंबईहून नैरोबीला थेट फ्लाइट आहे, जोहान्सबर्गला मधे बदलावी लागते आणि तिथून पुढे बरंच ड्रायव्हिंग आहे, वयस्क आईबाबा बरोबर असतील तर हा मुद्दा मोठा. केनियाला ऑनलाइन ईटीए (प्रवासाची आगाऊ परवानगी) काढायचं आणि यलो फीव्हरची लस निघायच्या किमान 10 दिवस आधी घ्यायची, परत येताना भारतात सर्टिफिकेट मागतात. साउथ आफ्रिकेचा व्हिसा लागतो, तो लवकर सुरू करा. मलेरियाच्या गोळ्यांबद्दल दोन्हीकडे जाण्याआधी डॉक्टरांना विचारा, आणि क्रुगरला स्वतः गाडी चालवणार असाल तर इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढून ठेवा, रस्त्याची बाजू आपल्यासारखी डावीच आहे.