४,२०० चा 'स्पोर्ट्स सेन्सर' निघाला १ रुपयाचा रेझिस्टर

लाज वाटतीये पण लिहितो. मेकॅनिकल डिप्लोमा झालाय माझा, हसायचं ते आत्ताच हसून घ्या.

मार्चमध्ये गाडीसाठी ८,५०० चा ओपन फिल्टरवाला इंटेक किट (इंजिनला हवा पुरवणारा पाइप आणि फिल्टर) ऑनलाइन मागवला, रविवारी पार्किंगमध्ये स्वतःच बसवला. पाइपला आयएटी सेन्सरसाठी (आत येणाऱ्या हवेचं तापमान मोजणारा) भोक होतं पण बॉक्समध्ये ग्रोमेटच (भोकात बसणारी रबरी रिंग) नाही, सेन्सर ढिला बसायला लागला म्हणून त्याचा वायरचा कनेक्टर काढून लटकत ठेवला. झालं, चेक इंजिन लाइट, कोड पी ०११३, आणि मोबाइलच्या ॲपवर हवेचं तापमान उणे ४०. ते होणारच, सर्किटच उघडं. काम काय तर २० रुपयांचं रबर आणि दहा मिनिटं. पण सोमवारपासून ऑफिस, त्यात एका मित्राने सांगितलं की अमुक गॅरेजवाला ट्यूनिंगमधला किडा आहे, गेलो.

त्याने सेन्सर हातात घेतला, वास घेतल्यासारखं केलं आणि म्हणाला, "साहेब हा गेलाय, स्टॉक म्हणजे कंपनीचा सेन्सर या किटला चालतच नाही, स्पोर्ट्सवाला टाकू." सेन्सर ४,२००, ईसीयू (इंजिनचा कंप्युटर) ॲडजस्टमेंट ५,५००, मजुरी ८००. टोटल १०,५००. कॅश दिली तर जीएसटी वाचेल म्हणे. दिली.

आता तो क्षण, जो आठवला की स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटते. एप्रिलची दुपार, पुण्यात ३८ डिग्री, मी शर्ट पाठीला चिकटलेल्या अवस्थेत उभा, आणि हा स्क्रीन दाखवतोय, "बघा साहेब, इंटेक ५ डिग्री, याला म्हणतात कोल्ड एअर!" आणि मी खूश!! अरे बाहेर ३८ असताना पाइपमध्ये ५ कुठून येणार, बॉनेटमध्ये काय फ्रीज बसवलाय? मी वर त्याला उसाचा रस पाजला. जुना सेन्सर मागितला तर म्हणे कचऱ्यात गेला. तिथेच उठायला हवं होतं. (काढलेला पार्ट हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका, कुठल्याही कामात.)

माझीही बाजू ऐका, गाडी खरंच चालत होती. ओटू सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) पेट्रोल बऱ्यापैकी सांभाळून घेतो त्यामुळे आठवडाभर काही कळलं नाही. मग सकाळी स्टार्टला पेट्रोलचा वास, ॲव्हरेज १५ वरून १२.५, स्पार्क प्लग काळे. ॲप लावलं तर पहाटे ५, उन्हात ५, हायवेला ५. कनेक्टर काढला, आत हीट श्रिंकमध्ये गुंडाळलेला रेझिस्टर, पिवळा-जांभळा-लाल पट्टे, म्हणजे ४.७ किलोओहम. खऱ्या सेन्सरचा रेझिस्टन्स तापमानाप्रमाणे बदलतो, याचा कायम तेवढाच, म्हणून कायम ५. तपकीर गल्लीत रुपयाला मिळतो. पाइपच्या भोकात सेन्सर नव्हताच, नुसतं बूच! ईसीयूला कायम थंडी वाजतीये असं भासवायचं की तो जास्त पेट्रोल सोडतो, हीच ती 'ट्यूनिंग'. लॅपटॉप नुसता वीस मिनिटं उघडून ठेवला होता.

जाब विचारला तर म्हणे, "परफॉर्मन्स पाहिजे होता ना?" चौकीत गेलो. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला, दुसऱ्या दिवशी भेटले तर म्हणाले हा सिव्हिल मॅटर आहे, बिल कुठाय, आणि बिल नाही म्हटल्यावर, "गाडी मॉडिफाय केलीय का? आधी तुमचीच पावती फाडू का?" म्हणजे चोर राहिला गॅरेजमध्ये आणि मी उभा राहून आरसी दाखवतोय. तिथून एका सरकारी कार्यालयात, तिथे या खिडकीवरून त्या खिडकीवर, शेवटी एक मॅडम म्हणाल्या अर्ज द्या, अर्ज दिला तर म्हणे दोन प्रतींत द्या, झेरॉक्सवाला जेवायला गेलेला. अडीच तास गेले, हाफ डे गेला. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही हे तिथे कोणी सांगितलं नाही, नंतर स्वतः शोधलं. त्याच्या रेटचा व्हॉट्सॲप मेसेज आहे, त्याच्या आधारावर आता तिथे तक्रार टाकतोय. तुम्ही निदान यूपीआयने द्या, पुरावा राहतो.

आणि हे करा: रात्रभर उभ्या गाडीत सकाळी इग्निशन ऑन करून आयएटी आणि कूलंट बघा, दोन्ही बाहेरच्या तापमानाच्या जवळपास पाहिजेत. सेन्सर 'गेला' म्हणाला तर मल्टिमीटर लावा, हेअर ड्रायर मारा, रेझिस्टन्स खाली आला पाहिजे. आला तर सेन्सर जिवंत आहे.

नाना पेठेतून ६५० चा सेन्सर आणला, २० चं ग्रोमेट, बसवला. आता खरा आकडा दिसतो. काल सिग्नलला उभा होतो, ५८ डिग्री. ८,५०० चा फिल्टर बॉनेटमधलीच गरम हवा ओढतोय. कंपनीचा एअरबॉक्स (मूळ फिल्टरचा बंद डबा) माळ्यावर आहे, रविवारी खाली काढतो.