‘आज फक्त सायकलमध्ये हवा भर’: मुलाच्या ऑनलाइन थेरपीचा आमचा अनुभव

माझा मुलगा १६ वर्षांचा, अकरावीत. गेल्या दिवाळीनंतर त्याने कॉलेजला जाणं सोडलं. दोन-दोन दिवस आंघोळ नाही, ताट खोलीच्या दाराशी ठेवायचं. कराडमधल्या मानसोपचारतज्ज्ञांनी तपासून नैराश्य असल्याचं सांगितलं आणि समुपदेशन सुचवलं. जो मुलगा जिना उतरायला तयार नाही, त्याला दर आठवड्याला पुण्याला कसा नेणार? म्हणून एका ॲपवरून ऑनलाइन घेतलं. व्हिडिओ कॉलवर समुपदेशक ताईंबरोबर आठ सेशन, आठवड्याला एक, ४५ मिनिटांचं.

ताईंनी वापरलेल्या पद्धतीला बिहेवियरल ॲक्टिव्हेशन म्हणतात. पीटर लुइन्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात हा विचार मांडला. नैराश्यात माणूस एकेक गोष्ट सोडत जातो, मग बरं वाटावं असं दिवसभरात काही घडतच नाही आणि मन आणखी खचतं. त्यामुळे मूड यायची वाट बघायची नाही, छोट्याशा कृतीपासून सुरुवात करायची. गोव्यात ‘संगाथ’ संस्थेने हीच पद्धत प्राथमिक आरोग्य केंद्रांत मोठ्या माणसांवर वापरली. डॉक्टर किंवा मानसशास्त्रज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी हे काम केलं आणि त्याचा फायदा झाल्याचं २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. हे वाचून मला धीर आला.

पहिल्या आठवड्यात काम एवढंच होतं की दर तासाला काय केलं ते वहीत लिहायचं आणि पुढे मूडला ० ते १० मधला आकडा द्यायचा. चौथ्या दिवशी त्याने स्वतःहून वही दाखवली. ‘पलंगावर, रील्स – २’ अशा ओळीच ओळी. आणि मध्येच एक, ‘आजीबरोबर मटार सोलले – ५’. त्या पाचाकडे तो बराच वेळ बघत होता. ताईंनी पुढचं सगळं तिथूनच उभं केलं.

“बाहेर जा, सायकल चालव, बरं वाटेल,” हे आम्हीही सहा महिने सांगत होतो. ताईंनी त्यालाच विचारलं, पूर्वी काय आवडायचं? सायकल. मग त्या म्हणाल्या, आज चालवायची नाही, फक्त हवा भरायची. दोन दिवसांनी फाटकापर्यंत ढकलत न्यायची. जमलं नाही तर काम आणखी लहान करायचं. आम्हाला एकच ताकीद होती, ‘केलंस का?’ असं विचारायचं नाही. मला हे फार जड गेलं. सहाव्या सेशननंतरच्या रविवारी तो सायकलवरून कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमापर्यंत जाऊन आला. वहीत ६ लिहिलं.

आता खटकलेलं. ॲपवरच्या नोंदींच्या तक्त्यांचं मराठी भाषांतर इतकं बोजड होतं की ताईंनीच सुरुवातीला ते बाजूला ठेवून साधी वही घ्यायला सांगितलं. एकदा ऐन सेशनच्या वेळी आमच्याकडे वीज गेली, तरी पूर्ण पैसे कापले. कॅमेरा बंद ठेवायची मुभा होती. त्यामुळे सुरुवातीला मुलगा मोकळा झाला, पण त्याचा उतरलेला चेहरा ताईंना दिसत नव्हता. एका रात्री तो “मला जगायचंच नाही” म्हणाला, तेव्हा ॲपवर सकाळपर्यंत कुणी नव्हतं. आम्ही १४४१६ ला, टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन लावला. मोफत आहे, २४ तास सुरू असतं. मी रात्रभर त्याच्याजवळ बसून राहिलो आणि सकाळी डॉक्टरांकडे नेलं. पैसे भरण्याआधी प्रत्येक पालकाने विचारावं, की रात्री दोन वाजता गरज पडली तर तुमच्याकडे काय सोय आहे? ही सेवा डॉक्टरांच्या जोडीने घ्यावी, त्यांच्याऐवजी नाही.

पुन्हा घेईन का? याच ताई असतील तर हो. मुलगा आठवड्यातले तीन-चार दिवस कॉलेजला जातो. काही दिवस अजून २ चे असतात. त्या दिवशी तो संध्याकाळी आजीसमोर जाऊन बसतो आणि काही निवडायचं, सोलायचं आहे का म्हणून विचारतो.