"केसला क्रॅक आहे, साहेब"

साताऱ्यात आणि आसपास जुनी बुलेट सांभाळणाऱ्यांसाठी हे लिहितोय. माझे १८,६०० रुपये गेले, वर वडिलांच्या गाडीचा ओरिजिनल कार्ब्युरेटरही गेला. गळती होती तिथेच राहिली.

गाडी १९९० ची, साडेतीनशे सीसी, उजव्या पायाला गिअर. वडील वारल्यावर बरेच महिने बंद होती. हिवाळ्यात चालू करून कासला गेलो, तर परत येईपर्यंत डाव्या बुटावर चेनकेसचं (चेनच्या बंद डब्याचं) तेल आणि उजव्या बाजूला टॅपेटच्या झाकणातून ओघळ. उभी असताना मात्र खाली फारसं काही नाही. पळाली की गळायची. ही खूण तेव्हाच कळली असती तर पुढचं सगळं टळलं असतं.

शहरातल्याच एका गॅरेजात नेली. मालकाने इंजिनवरून हात फिरवून काळं बोट माझ्यापुढे धरलं. मग केसवरच्या, म्हणजे इंजिनच्या बाहेरच्या ओतीव कवचावरच्या, बारीक रेषेवर टॉर्च मारली. "केसला क्रॅक आहे, साहेब. वेल्डिंग करून घेऊ. इंजिन खोलायचंच आहे, तर बोर-पिस्टन, ऑइल पंप सगळं एकदाच करून टाकू." ती रेष ओतकामाची होती, साच्याचे दोन भाग जुळतात तिथे उमटते तशी. पण "अशी गाडी आता मिळत नाही" हे ऐकूनच मी आधी विरघळलो होतो.

दहा हजार अॅडव्हान्स दिले. गाडी पाच आठवडे तिथेच. जेव्हा जाईन तेव्हा बॅरल (पिस्टन ज्यात वरखाली होतो ते नळकांडं) "लेथवर गेलंय". शेवटी वहीच्या फाटक्या पानावर बिल मिळालं: बोर-पिस्टन, पंप, वेल्डिंग, पॅकिंग किट, मजुरी. जुने पार्ट मागितले तर म्हणाला, "भंगारवाला कालच येऊन गेला हो." आठवडाभर इंजिन कोरडं राहिलं. आठव्या दिवशी पुन्हा डावा बूट तेलकट, आणि सिग्नलला गाडी बंदही पडायला लागली.

मग कुणीतरी रहिमतपूरकडच्या एका वयस्कर मिस्त्रींचं नाव सांगितलं. त्यांनी पान्याला हातही लावला नाही. इंजिन रॉकेलने धुतलं, पुसून कोरडं केलं, त्यावर टाल्कम पावडर भुरभुरली आणि म्हणाले, "जावा, दहा किलोमीटर फिरवून आणा." आलो तेव्हा पावडर चार ठिकाणी ओली. "चार ठिकाणची पॅकिंगं एकदम कशी जातील? आत हवा कोंडतीय."

डाव्या बाजूला ब्रीदरची, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणारी, नळी असते, तिला बदकाच्या चोचीसारखं रबर. पिस्टन खाली आला की केसमधली हवा या चोचीतून बाहेर पडते, वर गेला की चोच मिटते. आमची चोच वाळून चिकटली होती. वाट बंद झाल्यावर हवा मिळेल त्या जोडातून तेल घेऊन बाहेर पडायची. औषध निघालं ऐंशी रुपयांचं रबर.

माझ्याच हट्टाने मिस्त्रींनी हेड (बॅरलच्या डोक्यावरचा भाग) उतरवलं. बॅरलमध्ये वरच्या टोकाला, रिंगा जिथवर पोचतात तिथे, झिजेचा काठ होता. माझं नख धरून त्यात अडकवून दाखवलं. बोर केलेल्या, म्हणजे आतून तासून घेतलेल्या, बॅरलला हा काठ उरत नाही. पिस्टन जुना, पंप जुना, वेल्डिंगचा मागमूस नाही. टायमिंग कव्हरच्या (इंजिनच्या उजव्या बाजूच्या झाकणाच्या) आत मात्र जोड बुजवायला फासलेल्या लाल सिलिकॉनच्या शेवया लोंबत होत्या. त्यातली एखादी तुटून तेलाच्या वाटेत अडकली असती तर इंजिन कायमचं बसलं असतं.

तेव्हा आधी पावडर मारून बघा. क्रॅक दाखवली तर तीच रेष ओली होते का ते तपासा. इंजिन चालू ठेवून ब्रीदरच्या तोंडाशी बोट धरा, हवेचे फुसकारे लागले पाहिजेत. बोर करायचाच असेल तर बॅरल घेऊन स्वतः लेथवाल्याकडे जा, आणि जुना पिस्टन हातात पडेपर्यंत पाकीट उघडू नका. गाडी सोडताना कार्ब्युरेटरचा फोटो काढा. मी काढला नव्हता.

गॅरेजवाल्याला जाब विचारला. "त्या कागदावर माझं नाव आहे का?" एवढंच म्हणाला. नव्हतं.

कार्ब्युरेटर मिककार्बचा होता, त्याजागी डुप्लिकेट बसवलाय. सेटिंग हललं तर कळावं म्हणून वडिलांनी त्याच्या स्क्रूवर आईच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला होता. तसा कुठे विकायला आलेला दिसला तर कळवा. विचारतील ती किंमत देईन.