तळघरातील रोपवाटिकेसाठी डीह्युमिडिफायर: एका पावसाळ्याचा आणि हिवाळ्याचा अनुभव

जळगावच्या जुन्या वस्तीतील आमच्या घराच्या तळघरात आम्ही मुळा, मोहरी आणि मेथीचे मायक्रोग्रीन्स (कोवळेपणीच कापून खायची रोपे) घेतो. हंगामात भरताच्या वांग्याची आणि मिरचीची रोपेही तेथेच एलईडी दिव्यांखाली तयार होतात. तेथील दमटपणा आणि बुरशी आवरण्यासाठी गेल्या जूनमध्ये घेतलेला, दिवसाला 20 लिटर क्षमतेचा, कॉम्प्रेसरवर चालणारा डीह्युमिडिफायर आता पावसाळा आणि हिवाळाभर वापरून झाला आहे.

हे यंत्र हवेतील पाणी काढते, भिंतीतील नव्हे. त्यामुळे खरेदीपूर्वी ओल कोठून येते हे पाहणे आवश्यक आहे आणि त्यासाठी फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर दिवसभर ठेवणे पुरेसे असते. पाणी प्लास्टिकच्या बाहेरच्या बाजूस दिसले तर ते हवेतील. आतल्या बाजूस दिसले तर भिंतीतून झिरपलेले. आमच्या तीन भिंती पहिल्या प्रकारच्या निघाल्या, परसदाराकडील चौथी मात्र दुसऱ्या. काळी माती पाणी धरून ठेवते आणि छपराच्या पन्हाळीचे पाणी नेमके त्याच भिंतीच्या पायथ्याशी पडत होते. पन्हाळ लांबवून, जमिनीला बाहेरच्या बाजूस उतार देऊन आणि क्षाराने फुगलेला ऑइलपेंट खरवडून चुना दिल्यावरच ती भिंत सुधारली. ते श्रेय यंत्राचे नाही.

उरलेल्या तीन भिंतींवर मात्र यंत्राने उत्तम काम केले. पावसाळ्यात खिडकी उघडली की तळघर सुकेल, हा समज आपल्याकडे पक्का आहे. प्रत्यक्षात बाहेरची हवा 32 अंश आणि आर्द्रता 75 टक्के असेल, तर त्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातील बाष्पाचे पाणी होऊ लागते तो, सुमारे 27 अंश असतो; तळघराची भिंत 25 अंशांवर असल्यास आत येणारी प्रत्येक झुळूक भिंतीवर पाणीच सोडते. म्हणून श्रावण-भाद्रपदात खिडक्या बंद, आतला पंखा सुरू आणि यंत्र 60 टक्क्यांवर, अशी व्यवस्था ठेवली. कोपऱ्यातील काळे डाग पुन्हा आले नाहीत, वांग्याच्या रोपांची मर (बुरशीमुळे रोपे कोलमडण्याचा रोग) लक्षणीय घटली आणि ट्रेमधील कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याच्या भुश्यावर) येणारी पांढरी जाळीही क्वचितच दिसली. मर कमी होण्यात पाणी सकाळीच देण्याचा वाटाही आहे, कारण झाडे शोषलेले जवळजवळ सर्व पाणी पानांतून हवेत सोडतात आणि दिवे मालवल्यावर तापमान उतरले की तीच हवा एकाएकी दमट होते. यंत्राची खरी कसोटी दिवे मालवल्यानंतरच्या पहिल्या दोन तासांत लागते.

आता उणिवा. 20 लिटरचा आकडा 30 अंश आणि 80 टक्के आर्द्रतेवर मोजलेला असतो. हवा 60 टक्क्यांपर्यंत कोरडी झाली की प्रत्यक्षात त्याच्या जेमतेम निम्मे पाणी मिळते. शिवाय एक लिटर बाष्पाचे पाणी होताना सुमारे 0.68 युनिट विजेइतकी उष्णता खोलीत सुटते आणि कॉम्प्रेसरची वीजही शेवटी उष्णताच होते, त्यामुळे बंद तळघर चांगलेच तापते. ऑक्टोबरच्या उन्हात हा त्रास जाणवला.

यंत्रावरील आर्द्रतामापक विश्वासार्ह नाही. ओले केलेले मीठ वाटीत घेऊन घट्ट झाकणाच्या डब्यात साध्या मापकासोबत रात्रभर ठेवले, तर मापकाने 75 टक्के दाखवायला हवेत. या परीक्षेत उतरलेला आमचा स्वस्त मापक यंत्राशेजारी ठेवला, तेव्हा यंत्र सातत्याने सहा-सात टक्के कमी दाखवत असल्याचे आढळले. तक्रार केल्यावर विक्रेत्याकडून ‘इतका फरक चालतो’ असे उत्तर मिळाले. बुरशीच्या बाबतीत इतका फरक चालत नाही, म्हणून खरी आर्द्रता 60 च्या आत राहावी यासाठी आता आम्ही यंत्र 52 वर लावतो.

वीज गेल्यावर पूर्वीच्याच सेटिंगवर आपोआप सुरू होण्याची सोय असलेलेच यंत्र घ्यावे. आपल्या भागात रात्री वीज जाऊन येते, तेव्हा बटण दाबायला तळघरात कोण उतरणार? त्याचप्रमाणे टाकी भरली की यंत्र थांबते आणि तळघर गटारापेक्षा खाली असल्याने नुसती नळी लावून भागत नाही. छोटा पंप वेगळा घ्यावा लागतो. कोकोपीटच्या धुळीने यंत्राची हवा गाळणारी जाळी लवकर भरते, ती दर आठवड्याला धुतो. साचलेले पाणी स्वच्छ दिसले तरी त्यात कॉइलवरची धूळ आणि बुरशीचे बीजाणू असतात. खाण्याच्या पिकाला ते न देता आम्ही फरशी पुसायला वापरतो.

फाल्गुनापासून यंत्र बंद आहे. वैशाखात हवा इतकी कोरडी होते की ट्रे ओलसर राखण्यासाठी उलट कुलर लावावा लागेल.